आमच्या घरात 'हिप्पी' ही शिवी होती. तुमच्याकडे या शब्दाचा अर्थ काय होता?

सांजवात
धाग्याचं निमित्त घरचंच आहे. माझ्या मुलीच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात 'हिप्पी डे' आहे. संध्याकाळच्या चहाला ती रंगात येऊन सांगत होती: फुलाफुलांचा शर्ट, गोल काचांचा चष्मा, कपाळाला पट्टी. माझे बाबा, वय ७८, अर्धा कप तसाच ठेवून उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. तिला काही कळलं नाही. मला कळलं.

१९७४ साली माझा धाकटा काका, तेव्हा बावीस वर्षांचा, खांद्यावर रुळणारे केस घेऊन सुट्टीला सांगलीला आला. आजोबांनी उंबऱ्यातच सांगितलं, हिप्प्यांना या घरात जागा नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. काका त्याच रात्री परत गेला. पुढे बडोद्याला नोकरीला लागला, तिथेच लग्न केलं. ११ वर्षं तो घरी आला नाही. आला तो आजोबा गेल्यावर. दहाव्याला नदीवर ते केस गेले.

काकाने आयुष्यात विडी ओढलेली नाही. नोकरी कधी सोडली नाही. गोवासुद्धा त्याने पहिल्यांदा पाहिला तो साठीनंतर, सहलीच्या बसने. मग त्याला लावलेल्या त्या शब्दाचा अर्थ नक्की होता तरी काय? केस? गांजा? अंघोळ न करणं? आई-वडिलांचं न ऐकणं? तुमच्या घरात, गावात हा शब्द कोणाला आणि कशासाठी वापरत? आणि खऱ्या हिप्पींना तरी हा शब्द आपला वाटत होता का?

भाकरतुकडा
वाचनखूण साठवली. आमच्याकडे हिप्पी नावाचा कुत्रा होता. डोळ्यांवर केस येणारा पांढरा पामेरियन. चाळीत एकूण तीन हिप्पी होते, तिन्ही कुत्रेच. आई दारातून "हिप्पीऽ" अशी हाक मारायची तेव्हा तिन्ही धावत यायचे.

शब्दवेडा
मूळ शब्दाबद्दल थोडं सांगतो, कारण 'हिप' म्हणजे कंबर किंवा पार्श्वभाग, त्यावरून हिप्पी, असं मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं आहे. त्याचा इथे संबंध नाही.

'हिप' आणि 'हेप' हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे अमेरिकन बोलीतले शब्द. अर्थ: जाणकार, आतल्या गोटातला, नवं काय चाललंय ते ठाऊक असलेला. जॅझ वाजवणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ते रुळले. १९४० च्या दशकात त्यावरून 'हिपस्टर' आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत बीट पिढीचे कवी-लेखक आले आणि हर्ब केन या तिथल्या स्तंभलेखकाने १९५८ मध्ये त्यांना 'बीटनिक' म्हटलं. त्यातलं शेपूट स्पुटनिक या रशियन उपग्रहाचं आहे. स्पुटनिक आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, अवकाशात गेला होता.

मग बीटनिकांचं वय झालं आणि त्याच शहरातल्या हेट-ॲशबरी भागात त्यांच्याहून तरुण पोरं राहायला आली. जुन्या हिपस्टरांच्या दृष्टीने ही कच्ची पोरं, म्हणून 'हिप' ला लहानपणाचा प्रत्यय लावून 'हिप्पी'. मायकेल फॅलन या पत्रकाराने ५ सप्टेंबर १९६५ ला 'सॅन फ्रान्सिस्को एक्झॅमिनर' मध्ये 'ब्लू युनिकॉर्न' नावाच्या कॉफी हाउसवर लिहिताना तो छापला, आणि आजच्या अर्थाने तो वर्तमानपत्रात येण्याची सुरुवात तिथपासून धरतात. ७ जुलै १९६७ ला 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर हिप्पी झळकले आणि शब्द जगभर गेला.

म्हणजे सांजवातताई, जन्मापासूनच हा शब्द मोठ्यांनी धाकट्यांना नाक मुरडून लावलेला आहे. तुमच्या आजोबांनी त्याचा अर्थ फारसा बदलला नव्हता.

पिंपळपान
'हिप' हा पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला शब्द आहे ना? डोळे उघडणे, जाणणे अशा अर्थाचा? गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर तो अमेरिकेत पोहोचला असं वाचलं होतं.

शब्दवेडा
ही व्युत्पत्ती मलाही फार आवडायची. पण दोन शतकं हा शब्द कुठे दडून होता याचा लेखी पुरावा मधल्या काळात मिळत नाही, आणि कोशकारांनी ती मान्य केलेली नाही. शब्द जमवणाऱ्याने आवडती गोष्टसुद्धा पुराव्याअभावी सोडून द्यावी, म्हणून मी सोडली.

दर्यावर्दी
मी हिप्पी पाहिले ते मुंबई-गोवा बोटीवर. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी बोट सुटायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पणजी. आम्ही रत्नागिरीचे. मे महिन्यात अख्खा चाकरमानी वर्ग डेकवर वळकट्या टाकून बसलेला, करंड्या, ट्रंका, रडणारी पोरं, आणि त्यांच्याच मधे हे. अनवाणी, गळ्यात मणी, एकाच्या हातात बासरी. वर केबिन होत्या, पण ही माणसं डेकच्या तिकिटावर असायची. आमच्यासारखी.

१९७३ किंवा ७४ ची गोष्ट. 'कोकण सेवक' वर आमच्या शेजारी एक वेंगुर्ल्याची म्हातारी होती. तिने घावणे आणि लसणीची चटणी सोडली. समोर एक सोनेरी केसांचा पोरगा, विशीचाही नसेल, नुसता बघत बसलेला. तिने दोन घावणे त्याच्या हातावर ठेवले. चटणीने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. म्हातारी त्याला विचारते, "तुझी आवस खंय असा रे?" त्याला काय कळणार? तो हसला. तिने पुन्हा विचारलं. मग माझ्या वडिलांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, ती तुझ्या आईबद्दल विचारते आहे. त्याने एक गाव सांगितलं, मला आठवत नाही. म्हातारी म्हणाली, त्येका सांगा, पत्र घाल म्हणान.

रत्नागिरीला पडाव लागले, आम्ही उतरलो. वर कठड्याशी ती दोघं शेजारी शेजारी उभी होती. माझ्यासाठी हिप्पी या शब्दाचा अर्थ तो मुलगा आहे.

कात्रीकंगवा
सांजवातताई, तुमच्या सांगलीपासून जवळच आमचं गाव. वडिलांचं सलून होतं, आजोबांचं झाडाखाली होतं. त्यामुळे हा शब्द आमच्याकडे धंद्याचा शब्द म्हणून आला, शिवी म्हणून नंतर.

'हिप्पी कट' म्हणजे कान झाकलेले, मागे कॉलरवर टेकणारे केस, पण कडा वस्तऱ्याने साफ. बरोबर कल्ले कानाच्या पाळीखाली. नुसते वाढलेले केस म्हणजे हिप्पी कट नव्हे, त्याला शेप द्यावा लागे आणि ते काम मशीन मारण्यापेक्षा कितीतरी अवघड. वडील मुंबईला मामाकडे पंधरा दिवस राहून ते शिकून आले. गावातली पोरं आरशात बघून खूश व्हायची आणि घरी जाऊन मार खायची. मग त्यांचे वडील तणतणत आमच्या दुकानात: "पोरगं बारीक करून दे म्हणून पाठवलं होतं, हे काय करून ठेवलंस?" त्याच पोराला पुन्हा खुर्चीत बसवून बारीक करायचं. एका डोक्याचे पैसे, दोनदा काम.

दुसरी बाजू कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. दर महिन्याला येणारं गिऱ्हाईक तीन-तीन महिने येईना. त्या तीन-चार वर्षांत घरात फार ओढाताण झाली. आजोबा 'हिप्पी' शब्द ऐकला की दुकानाबाहेर जाऊन बसत. त्यांच्या रागात संस्कृतीबिंस्कृती काही नव्हतं. चूल होती.

सांजवात
कात्रीकंगवा, ही बाजू माझ्या कधी डोक्यातच आली नव्हती. मनापासून आभार.

हरमलकर
मी गोव्यातल्या पेडणे महालातला, हरमलचा. हिप्पी आमच्या अंगणात राहिले आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. वर दर्यावर्दींनी लिहिलेली आठवण सुंदर आहे, पण बोटीवरची एक रात्र वेगळी आणि गावात सहा महिने वेगळे.

गोवा १९६१ च्या डिसेंबरात मुक्त झाला आणि त्यानंतर चार-पाच वर्षांतच ही मंडळी येऊ लागली. आधी कळंगुट. तिथे वर्दळ वाढली तसे हणजुणे, मग वागातोर, शापोरा, आणि शेवटी नदी ओलांडून आमचं हरमल. जिथे दिवे आणि रस्ते पोहोचले तिथून ते पुढे सरकत. आमच्या आईने मागची खोली भाड्याने दिली. मासळी नसलेल्या पावसाळ्यासाठी ते भाडं साठवून ठेवायचं. त्या पैशांवर माझं हायस्कूल झालं, हे मी कधी लपवलं नाही.

पण त्रासही होता. किनाऱ्यावर नागडं हिंडणं. बाया पाण्याला जायच्या त्या वाटेवर. विहिरीवर साबण लावून अंघोळ. रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला पहाटे गेलं की वाळूत कोणीतरी शुद्ध हरपून पडलेला. त्याला उचलून सावलीत कोण ठेवायचं? आमचेच लोक. गावकऱ्यांनी सभा घेतल्या, तक्रारी केल्या. शहरातल्या मासिकांत मुक्त जीवनाचे फोटो छापून यायचे, त्या फोटोंच्या चौकटीबाहेर माझी आई कळशी घेऊन उभी असायची.

सांजवातताई, आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. ते स्वतःला हिप्पी म्हणत नसत. 'फ्रीक' म्हणत. जुने-जाणते लोक दुसऱ्याला 'हिप्पी' म्हणत तेव्हा त्यात थोडा उपहास असे, म्हणजे दोन आठवड्यांसाठी मणी घालून आलेला. एट फिंगर एडी या नावाने ओळखला जाणारा अर्मेनियन वंशाचा अमेरिकन होता. साठच्या दशकात आला, भुकेल्यांना खाऊ घालायचा, आणि २०१० साली गोव्यातच वारला. हणजुण्याचा बुधवारचा बाजार सुरू करण्याचं श्रेय त्यालाच देतात. सुरुवातीला तिथे ही मंडळी आपलंच सामान विकत: कॅमेरा, झोपायच्या पिशव्या, जीन्स. परतीच्या किंवा पुढच्या प्रवासाचे पैसे उभे करायला. आज तिथे कर्नाटकातल्या लमाणी बाया, काश्मिरी, गुजराती दुकानदार दिसतात.

आमच्या गावात मात्र प्रत्येक गोरा माणूस अजून हिप्पीच. "हिप्पी आयल्यात" म्हणजे हंगाम सुरू झाला. मागच्या वर्षी सुटाबुटातला एक जर्मन इंजिनीअर पवनचक्कीच्या कामाला आला होता, त्याला आमची काकी 'हिप्पी सायब' म्हणाली.

निर्भीड
हरमलकरांनी सौम्य लिहिलं. मी स्पष्ट लिहितो. गांजा, चरस आणि एलएसडी यांशिवाय हिप्पी ही कल्पना उभीच राहत नाही. एलएसडीचा प्रचार करणाऱ्या टिमथी लीअरीचं 'टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आउट' विसरलात का सगळे? काबूल आणि काठमांडू या वाटेवर ही मुलं देवदर्शनाला जात नव्हती. कित्येकांचे आई-बाप दूतावासांच्या पायऱ्या झिजवत होते. ज्या आजोबांनी मुलाला दारात अडवलं त्यांच्या पोटात भीती होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. धाग्यावर सगळे एकमुखाने आजोबांना दोषी ठरवत आहेत ते मला पटत नाही.

सांजवात
निर्भीड, आजोबांना दोषी ठरवायला धागा काढलेला नाही. पण भीती मुलाबद्दल असेल तर मुलाला आत घेऊन विचारायला हवं होतं. दार लावल्यावर काय कळणार?

मृद्गंध
निर्भीड यांच्याशी अर्धी सहमत. अमली पदार्थ होतेच, आणि त्यात माणसं गेली. पण गांजा त्यांनी आणला असं जे बोललं जातं ते खरं नाही. चिलीम हा शब्दच बघा, तो त्यांनी इथून उचलला आणि जगभर नेला. 'गांजेकस' हा मराठी शब्द हिप्पींच्या आधीचा आहे. काही राज्यांत गांजाची परवान्याची दुकानं होती. नेपाळने १९७३ मध्ये बंदी घातली आणि आपल्याकडे देशभर एकच कडक कायदा आला तो १९८५ मध्ये. साधूच्या हातातली चिलीम आपल्याला दिसत नव्हती, गोऱ्या पोराच्या हातातली दिसली.

खाडीपलीकडे
मी गेली वीस वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. हेट-ॲशबरीला पाहुण्यांना घेऊन जाणं हे आमच्याकडे गणपतीपुळ्याला नेण्यासारखं आहे. रंगीत टी-शर्टांची दुकानं, उदबत्त्या, आणि फुटपाथवर खरोखरच बेघर असलेली माणसं.

दोन गोष्टी सांगतो. पहिली, केस. व्हिएतनामचं युद्ध चालू होतं आणि तरुणांना सक्तीने सैन्यात बोलावत होते. ती सक्ती १९७३ पर्यंत होती. सैन्यात गेल्यावर पहिलं काम म्हणजे डोकं भादरणं. त्यामुळे तिथे लांब केस हे 'मी जाणार नाही' असं न बोलता सांगणं होतं. आपल्याकडे ते केस आले, त्यामागचं युद्ध आलं नाही. म्हणून आपल्या घरांना तो नुसता उद्धटपणा वाटला.

दुसरी गोष्ट हरमलकरांच्या मुद्द्याला जोडून. १९६७ च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रं वाचून हजारो पोरं या भागात येऊन धडकली. राहायला जागा नाही, खायला नाही, आजारपणं. डिगर्स नावाचा गट बागेत रोज फुकट जेवण वाटत होता, तोही पुरा पडेना. शेवटी ६ ऑक्टोबर १९६७ ला तिथल्याच लोकांनी 'हिप्पी' ची अंत्ययात्रा काढली. खरीखुरी शवपेटी खांद्यावर घेऊन हेट स्ट्रीटवरून मिरवणूक. निमंत्रणात हिप्पी हा प्रसारमाध्यमांचा पुत्र होता असं छापलं होतं. हा शब्द आमच्यावर बाहेरून लादला गेला, तो आम्ही पुरतो आहोत, घरी परत जा, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे सांगलीपर्यंत शब्द पोहोचला त्याच्या सात वर्षं आधी मूळ गावात त्याचा अंत्यविधी उरकला होता.

भाकरतुकडा
आणि आमचे तीन कुत्रे त्यानंतर जन्मले. नाव अजून ताजं होतं.

कोरेगावकर
पुण्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. १९७४ मध्ये कोरेगाव पार्कात रजनीशांचा आश्रम सुरू झाला. भगव्या झग्यातले, गळ्यात फोटोची माळ घातलेले परदेशी सायकलवरून फिरायचे, आणि आमचा अख्खा वाडा त्यांना हिप्पी म्हणायचा. प्रत्यक्षात ते हिप्पी नव्हते. त्यांना गुरू होता, दिनक्रम होता, आश्रमात कामं वाटून दिलेली होती. त्यांच्यातल्या एका डच बाईंनी आमच्याकडे वर्षभर खोली घेतली होती. माझी आजी त्यांना तोंडावर हिप्पीण म्हणायची आणि त्या हसून आजीला नमस्कार करायच्या. पुढे त्यांना अर्थ कळला तेव्हा त्यांनी आजीला बसवून समजावलं की मी संन्यासी आहे. आजी म्हणाली, "संन्याशाला वांग्याचं भरीत चालतं का?" चालत होतं. मग त्या दर गुरुवारी जेवायला आमच्याकडे.

प्रत्ययकारी
हिप्पीण! मी या शब्दाचीच वाट बघत होते. व्याकरणाचा मुद्दा आहे, पण मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध आहे असं मला वाटतं.

या धाग्यावर काहींनी 'हिप्पींनी, हिप्पींना' लिहिलं आहे, आणि सांजवात यांच्या घरातलं वाक्य 'हिप्प्यांना' असं आहे. दोन्ही मराठीच. पुल्लिंगी ईकारान्त नामांचं सामान्यरूप सहसा याकारान्त होतं: माळी-माळ्याने, तेली-तेल्याने. बाहेरून आलेला कैदीसुद्धा कैद्याने होतो. उलट हत्ती-हत्तीने, कवी-कवीने. हिप्पी हा शब्द पन्नास वर्षांत या दोन रांगांच्या मधे उभा आहे. वर्तमानपत्री, अंतर राखून लिहिणारा 'हिप्पींनी' लिहितो. घरात, शाळेत, सलूनमध्ये तो 'हिप्प्याने, हिप्प्यांना' होतो. तेलीण-माळीणसारखं त्याचं हिप्पीण होतं. म्हणजे लोकांनी त्याला जातीच्या आणि धंद्याच्या नावांच्या रांगेत बसवलं: हा हिप्पी आहे, जसा तो माळी आहे.

आणि एकवचनी हाक 'ए हिप्प्या' ही तर रव्या, गण्याच्या चालीवर. त्यात तुच्छता आहे, पण जवळीकही आहे. परक्याला आपण हिप्प्या म्हणणार नाही. सांजवात, घरात तेव्हा नक्की कुठलं रूप वापरलं गेलं होतं ते विचारता येईल का? 'हिप्प्यांना जागा नाही' हे सांगोवांगी झालेलं वाक्य वाटतं. माणूस समोर उभा असताना कोणी अनेकवचनात बोलत नाही.

शब्दवेडा
+१. 'अतिरेकी' चं बघा. तोही आधी नुसता टोकाचं वागणारा होता, मग 'अतिरेक्यांनी' होऊन एक जमात झाला. जाता जाता, अमेरिकेत याच शब्दाची पुढची पिलावळ आहे: १९६७ च्या शेवटी राजकीय चळवळीतल्यांचा 'यिप्पी' आणि ८० च्या दशकात चकचकीत नोकरीवाल्यांचा 'यप्पी'. आपल्याकडे फक्त थोरला आला, भावंडं आली नाहीत.

मास्तरीण
शाळेत आम्ही हा शब्द वापरला आहे. पिटीच्या तासाला रांगेतून फिरताना एक सर मागून केस धरून म्हणायचे, "काय हिप्प्या, न्हावी संपावर गेला का?" एकदा त्यांनी प्रार्थनेच्या वेळी स्टेजवर बोलावून एका मुलाच्या केसांत कात्री चालवली. मी तेव्हा नवी शिक्षिका होते. समोर उभी होते आणि गप्प बसले. तो मुलगा दुसऱ्या दिवशी पूर्ण टक्कल करून आला आणि वर्षभर एकाही शिक्षकाशी अवाक्षर बोलला नाही. शिकवायला त्याच्यासारखा मुलगा पुन्हा मिळाला नाही. मला त्याची माफी मागायची राहिली.

हरमलकर
मास्तरीणबाई, लिहिलंत ते बरं केलंत.

उनाडमन
मी तिशीतला आहे. माझ्या पिढीला हा शब्द बिलकुल टोचत नाही, उलट पर्यटनाची पाटी झाला आहे. हंपीला तुंगभद्रेपलीकडच्या विरुपापूर गड्डीला सगळे 'हिप्पी आयलंड' म्हणायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०२० मध्ये तिथली बेकायदा बांधकामं पाडली, तरी नाव उरलंच. गोकर्ण, कसोल, सगळीकडे 'हिप्पी कॅफे'. मित्र म्हणतात "फुल हिप्पी झालायस", तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की मी रविवारी फोन बंद ठेवला.

कॉलेजच्या मुलीला पार्टी करू द्या. फक्त तिला सांगा, गळ्यात ते वर्तुळातलं शांतिचिन्ह घालणार असेल तर ते हिप्पींचं मूळ चिन्ह नव्हे. जेरल्ड होल्टम या इंग्रज चित्रकाराने १९५८ मध्ये अण्वस्त्रविरोधी मोर्चासाठी ते काढलं. झेंड्यांनी खुणा करण्याच्या लिपीतली एन आणि डी (न्यूक्लिअर डिसआर्मामेंट) ही अक्षरं एकमेकांवर ठेवलेली आहेत. तेवढं ठाऊक असेल तर गळ्यात घालायला अर्थ आहे.

निर्भीड
आयलंड आणि कॅफे ठीक. पण ज्यांच्या घरातलं माणूस खरोखर त्या वाटेने गेलं आणि परत आलं नाही, त्यांना विचारा हा शब्द कसा ऐकू येतो. मी अशाच घरातला आहे. माझी आत्या १९७६ मध्ये काठमांडूला गेली. एक पत्र आलं. त्यापुढे काही नाही.

दर्यावर्दी
निर्भीड, तुमच्या आधीच्या प्रतिसादाचा सूर मला खटकला होता. आता समजलो.

मृद्गंध
निर्भीड, माफ करा. चिलमीचा इतिहास सांगताना समोर कोण वाचतंय याचा विचार केला नाही.

निर्भीड
माफीचं काही नाही. तुम्ही लिहिलं ते खरंच आहे. आजी मात्र शेवटपर्यंत पोस्टमनची वेळ झाली की दारात. त्या वेंगुर्ल्याच्या म्हातारीने त्या पोराला पत्र घालायला सांगितलं हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही.

सांजवात
आठवडाभराने परत येते आहे. प्रत्ययकारींनी विचारायला सांगितलेलं विचारलं. रविवारी दुपारी बाबांना धागा वाचून दाखवला, बोटीपासून मास्तरीणबाईंपर्यंत. निर्भीड, तुमचे प्रतिसादही. मग विचारलं, बाबा, आजोबा नक्की कोणत्या शब्दांत बोलले होते?

बाबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, आजोबा काहीच बोलले नव्हते. मी बोललो.

आजोबा ओसरीवर बसलेले होते आणि दार बाबांनी उघडलं होतं. केस पाहून बाबाच म्हणाले, "हिप्प्या, असा आत येणार असशील तर येऊ नकोस." एकवचनातच. घरात पुढे ते वाक्य आजोबांच्या नावावर जमा झालं, आजोबांनी ते नाकारलं नाही, आणि बाबांनी कधी दुरुस्त केलं नाही.

का म्हणालात, असं मी विचारलं. देव आनंदचा काठमांडूचा सिनेमा त्यांनी तीनदा पाहिला होता. त्यातला भाऊ बहिणीला शोधत हिप्पींमध्ये जातो आणि तिला वाचवू शकत नाही. "मला गाणी आठवत नव्हती, तोच आठवत होता. दारात याला बघितलं आणि वाटलं, आपलाही गेला. घाबरलो, आणि तोंडातून ते गेलं." ५० वर्षं.

मुलगी तिथेच बसली होती. तिने सरळ बडोद्याला फोन लावला आणि बाबांच्या हातात दिला. बाबा म्हणाले, "ते हिप्प्या मी म्हणालो होतो." काका म्हणाला, "मग मला काय माहीत नाही? मी दारातच होतो की." मग दोघं पाऊसपाण्यावर बोलले.

शेवटी मुलीने काकाला विचारलं, आजोबा, तुम्ही केस का वाढवले होते? युद्ध, गाणी, बंड, काहीतरी उत्तर येईल म्हणून ती वही घेऊन बसली होती. काका म्हणाला, "कारण काही नव्हतं गं. मला ते बरे दिसायचे."

तेव्हाचा एक फोटो त्याच्याकडे आहे, बडोदा स्टेशनवर काढलेला. तो पोस्टाने पाठवणार आहे. हिप्पी डेला तिला तसाच भांग पाडायचा आहे. कात्रीकंगवा, फोटो आला की इथे वर्णन करून सांगते. बाजूचे केस कसे बसवायचे तेवढं तुम्ही सांगा.

कात्रीकंगवा
सांगतो. आधी फोटो येऊ द्या. भांग मधे आहे की डावीकडे ते बघून ठेवा, आणि त्या दिवशी तेल लावू नका.